विजोड द्वंद्वे

मुष्टियुद्धात योद्ध्यांचे वजनावरून गट पाडण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्यामागे न्यायबुद्धी आहे आणि थोडी दयाबुद्धीही आहे. ठोशाची शक्ती एकट्या मुठीत नसते. पायाच्या टाचेपासून खांद्यापर्यंत वळत येणाऱ्या सबंध देहाचा भार त्या मुठीमागे उभा असतो. म्हणून १३५ पौंडांच्या माणसाने १६० पौंडांच्या माणसाशी झुंजू नये आणि १६० पौंडांच्या माणसाने १७५ पौंडांच्या माणसापुढे उभे राहू नये, असे या खेळाच्या नियमकर्त्यांनी ठरवले आणि प्रत्येक गटाभोवती एकेक कुंपण घातले. परंतु सर्वांत वरच्या गटापाशी आल्यावर हे कुंपण संपते. हेवीवेट गटाला खालची मर्यादा आहे. पूर्वी ती १७५ पौंडांची होती, पुढे ती २०० पौंडांवर गेली. वरची मर्यादा मात्र या गटाला कधीच नव्हती. मुष्टियुद्धातील सर्वांत मोठी कीर्ती आणि सर्वांत मोठा पैसा याच गटात एकवटलेला असल्यामुळे, कोणाही सुज्ञ माणसाने जुळवू नयेत अशा लढती जुळवण्याचा मोह आयोजकांना इथेच सर्वाधिक झाला.

अशा द्वंद्वांची हकीगत बहुधा आश्चर्यांची जंत्री म्हणून सांगितली जाते. कोण किती सेकंदांत कोसळला आणि कोणाचे वजन कोणाहून किती अधिक होते, एवढे सांगून सांगणारा थांबतो. परंतु या लढतींचे बारकाईने अवलोकन केले म्हणजे असे दिसून येते, की त्यांतील विषमता रिंगणात क्वचितच जन्माला येते. करारनाम्यावर सह्या होतात त्या मेजापाशी, परवाना देणाऱ्या दफ्तरात आणि योद्ध्याच्या निकटवर्तीयांच्या मौनात ती आधीच जन्मलेली असते, आणि घंटा वाजल्यावर ती फक्त सर्वांच्या दृष्टीस पडते. तिचा दोष मार देणाऱ्याच्या माथी मारता येत नाही, मार खाणाऱ्याच्या तर नाहीच नाही. ज्यांच्या अंगावर एकही ठोसा पडत नाही अशा माणसांकडेच तो जातो, असे माझे मत आहे, आणि पुढील उदाहरणांवरून ते वाचकांनाही पटेल अशी मला आशा आहे.

४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो या शहरी जी लढत झाली, तिच्यापासून आरंभ करणे योग्य होईल. टेक्स रिकार्ड या त्या काळच्या नामांकित आयोजकाने केवळ या एका लढतीसाठी लाकडाचे प्रचंड प्रेक्षागार उभारले होते आणि त्या दिवशी उष्मा १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला होता. जगज्जेता जेस विलर्ड हा साडेसहा फुटांहून उंच आणि २४५ पौंड वजनाचा. चार वर्षांपूर्वी हवाना येथे जॅक जॉन्सनसारख्या असामान्य योद्ध्याला त्याने सव्विसाव्या फेरीत पाडले होते. आव्हान देणारा जॅक डेम्प्सी हा त्याच्याहून पाचएक इंचांनी ठेंगणा आणि ५८ पौंडांनी हलका. तराजूवर पाहिले तर विषमता उघड होती आणि ती डेम्प्सीच्या विरुद्ध होती. तराजूत न बसणाऱ्या गोष्टी मात्र दुसऱ्याच बाजूस झुकलेल्या होत्या. विलर्ड ३७ वर्षांचा झाला होता आणि तीन वर्षांहून अधिक काळ त्याने आपले अजिंक्यपद पणाला लावलेले नव्हते. डेम्प्सी २४ वर्षांचा होता, आणि पश्चिमेकडील खाणींच्या वसाहतींत, दारूच्या गुत्त्यांतून पोटासाठी झुंजत झुंजत तो वर आलेला होता.

पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा जमिनीवर पडला. हे घडले कसे, ते समजण्यासाठी त्या वेळचा नियम ध्यानात घेतला पाहिजे. प्रतिस्पर्धी पडला की मारणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहावे, असे बंधन त्या काळी नव्हते; त्यामुळे विलर्ड दोरांना धरून, एक गुडघा उचलून, धुंद नजरेने उठण्याची खटपट करीत असता डेम्प्सी त्याच्या अगदी शेजारी, कधी त्याच्या पाठीमागे, मूठ वळून उभा असे, आणि गुडघा जमिनीपासून सुटताक्षणी पुढचा ठोसा येऊन आदळत असे. गोंगाट इतका माजला होता की फेरी संपल्याची घंटा कोणास ऐकू गेली नाही. लढत संपली असे समजून डेम्प्सी रिंगणाबाहेर पडला आणि त्याला परत बोलावून आणावे लागले. विलर्डच्या बाजूच्या माणसांना लढत तेथेच सोडून देता आली असती. परंतु चेहऱ्याची एक बाजू सुजून डोळा मिटत चाललेल्या या माणसाला आणखी दोन फेऱ्या पुढे ढकलण्यात आले, आणि तिसरी फेरी संपल्यावर मात्र तो आपल्या स्टुलावरून उठला नाही. पुढे पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापासून दूर जाण्याचा नियम अमलात आला. १९२७ साली शिकागो येथे जीन टनी खाली पडला असता डेम्प्सी तटस्थ कोपऱ्यात जाण्यास विसरला, पंचाने आकडे मोजणे उशिरा सुरू केले, तेवढ्या अवधीत टनी सावरला आणि लढत गुणांवर जिंकून गेला. टोलेडोच्या त्या फेरीत जो नियम नव्हता, त्याची किंमत डेम्प्सीला अशा रीतीने आठ वर्षांनी द्यावी लागली.

वजनाची विषमता डोळ्यांना दिसते म्हणून तिच्याविषयी बोलले जाते. परंतु हेवीवेटच्या इतिहासातील अत्यंत एकतर्फी लढतींपैकी कित्येकींत दोघांची वजने जवळपास सारखीच होती. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जो लुई आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग समोरासमोर आले तेव्हा त्यांच्या वजनांत सुमारे पाचच पौंडांचा फरक होता, आणि दोन वर्षांपूर्वी श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत पाडलेलेही होते. मागील दाखला पाहून कोणी अंदाज बांधला असता तर तो तुल्यबळ लढतीचाच बांधला गेला असता. प्रत्यक्षात ती १२४ सेकंदांत आटोपली. पहिल्या लढतीत श्मेलिंगने लुईचा एक दोष हेरला होता; डावा ठोसा मारून झाल्यावर लुईचा तो हात खाली येई आणि तेवढ्या फटीतून श्मेलिंगचा उजवा हात आत शिरे. लुईने दोन वर्षांत तो दोष काढून टाकला आणि श्मेलिंगला मागे सरून नेम धरण्यास अवसरच दिला नाही. त्या लढतीवर दोन राष्ट्रांच्या आणि दोन वंशांच्या अभिमानाचे ओझे लादले गेले होते. पण हे दोघे पुढे एकमेकांचे स्नेही झाले, आणि बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले होत असता श्मेलिंगने दोन ज्यू मुलांना आश्रय दिला होता, हेही त्या १२४ सेकंदांबरोबर नमूद करून ठेवण्याजोगे आहे.

शैलीशैलींतील विरोध हे विषमतेचे आणखी एक कारण आहे, आणि ते सर्वांत स्पष्टपणे दिसले ते २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातील किंग्स्टन येथे. जो फ्रेझर तेव्हा अजिंक्य जगज्जेता होता. १९७१ साली महंमद अली यालाही त्याने हरवलेले होते. जॉर्ज फोरमन हाही अपराजित होता, तरी जाणकारांचा कौल फ्रेझरच्याच बाजूचा होता. दोन फेऱ्यांच्या आत फ्रेझर सहा वेळा खाली पडला. त्यातील एका ठोशाने तर त्याचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटले. कंबरेत वाकून, डोके डावीउजवीकडे डोलवीत प्रतिस्पर्ध्याच्या अगदी छातीशी जाऊन भिडावयाचे, ही फ्रेझरची रीत. अशा वाकून येणाऱ्या माणसाला दोन्ही तळहातांनी मागे रेटून योग्य अंतरावर आणावयाचे आणि मग खालून वर येणारा ठोसा त्याच्या हनुवटीवर हाणावयाचा, ही फोरमनची रीत. फ्रेझर जितक्या शौर्याने पुढे गेला तितका तो फोरमनच्या ठोशाच्या वाटेत गेला. पुढच्या वर्षी फोरमनने केन नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवले. फ्रेझरने अलीला हरवले होते, नॉर्टनने अलीचा जबडा मोडला होता, आणि या दोघांना फोरमनने चिरडले होते. तेव्हा फोरमन अलीलाही चिरडणार, हा हिशेब बिनचूक वाटत होता. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे अलीने आठव्या फेरीत फोरमनलाच पाडले, कारण मागे दोरांवर रेलून राहणाऱ्या आणि दीर्घ पल्ल्याचे सरळ ठोसे मारणाऱ्या माणसावर फोरमनची रीत लागू पडत नव्हती. तेव्हा बळाची बेरीज-वजाबाकी करून विषमता आधी ओळखता येते, असे म्हणणे फारच धाडसाचे आहे.

किंग्स्टनच्या लढतीचे आणखी एक अंग आहे. अलीवर विजय मिळवल्यानंतर १९७२ साली फ्रेझरने आपले अजिंक्यपद दोनदा पणाला लावले, आणि टेरी डॅनियल्स व रॉन स्टँडर हे दोन्ही प्रतिस्पर्धी त्याच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. सोप्या लढतींनी पैसा मिळतो आणि पद सुरक्षित राहते, हे खरे. पण धार मात्र बोथट होते. फ्लॉइड पॅटरसन या जगज्जेत्याच्या कारकिर्दीत हाच प्रकार अधिक ठळकपणे घडला. सॉनी लिस्टन नावाचा अतिशय बलाढ्य मुष्टियोद्धा दाराशी उभा असता, पॅटरसनचा व्यवस्थापक कस डमाटो हा त्याला निवडक, बेताचे प्रतिस्पर्धी मिळवून देत राहिला. १९५७ साली सिॲटल येथे तर पीट रॅडमाकर या ऑलिंपिक सुवर्णपदकविजेत्याची व्यवसायातील पहिलीच लढत थेट जगज्जेत्याशी लावण्यात आली. व्यवसायात एकही लढत न लढलेल्या माणसाला अशी संधी मिळण्याचे कारण एवढेच, की त्याच्या पुरस्कर्त्यांनी पॅटरसनला अडीच लाख डॉलरांची हमी दिली होती. रॅडमाकरने दुसऱ्या फेरीत पॅटरसनला एकदा खाली पाडून सर्वांना चकित केले; पुढे मात्र तो पुनःपुन्हा कोसळत राहिला आणि सहाव्या फेरीत संपला.

अखेर पॅटरसनने, व्यवस्थापकाचा सल्ला बाजूस सारून, लिस्टनशी लढण्याचा निश्चय केला. मला या निश्चयाविषयी फार आदर वाटतो, कारण जगज्जेत्याने सर्वांत योग्य प्रतिस्पर्ध्याला टाळू नये, ही त्याची धारणा त्यामागे होती. परंतु २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागो येथे १८९ पौंडांचा पॅटरसन २१४ पौंडांच्या लिस्टनसमोर उभा राहिला तेव्हा लिस्टनच्या बाहूंचा पल्ला ८४ इंचांचा होता आणि पॅटरसनचा ७१ इंचांचा. १२६ सेकंदांत सारे संपले. पराभव झालाच तर लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून पॅटरसनने खोट्या दाढीमिशा आधीच बरोबर आणल्या होत्या, आणि त्या लावून त्याच रात्री तो मोटारीने शिकागोतून निघाला. पुढच्या वर्षी लास व्हेगास येथे पुन्हा लढत झाली. तीत तो पहिल्यापेक्षा चार सेकंद अधिक टिकला. जी लढत पहिल्या खेपेसच निर्णायकपणे संपली होती ती दहा महिन्यांत पुन्हा भरवण्याचे कारण परतफेडीच्या लढतीचा करार हे होते, आणि त्या करारात मार खाणाऱ्याच्या प्रकृतीचे कलम नव्हते.

विजोड लढतींचे समर्थन करणारे लोक टोकियोचा दाखला देतात. ११ फेब्रुवारी १९९० रोजी तेथे माइक टायसन या अपराजित आणि सर्वांना धडकी भरवणाऱ्या जगज्जेत्यासमोर बस्टर डग्लस उभा राहिला तेव्हा लास व्हेगासच्या बहुतेक सट्टाघरांनी भावसुद्धा काढला नव्हता. जेथे काढला तेथे तो एकास ४२ असा होता. काहीच दिवसांपूर्वी डग्लसची आई वारली होती. त्याने लांब पल्ल्याच्या डाव्या ठोशांनी टायसनला दूर ठेवले, आठव्या फेरीत स्वतः पडूनही तो उठला, आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला पाडले. १९७५ साली चक वेपनर या गरीब, रक्तबंबाळ होण्यासाठीच ख्यात असलेल्या योद्ध्याने नवव्या फेरीत अलीला खाली बसवले आणि तो पंधराव्या फेरीपर्यंत टिकला. त्याच लढतीवरून सिल्व्हेस्टर स्टॅलोनला ‘रॉकी’ची कल्पना सुचली. हे दाखले खरे आहेत आणि हृद्यही आहेत. परंतु डग्लस उंच, शिकलेला, पूर्ण तयारीनिशी उतरलेला हेवीवेट योद्धा होता. त्याला कमी लेखले गेले होते, तो अपात्र नव्हता. ज्याच्या पात्रतेविषयी शंका घेण्यास जागा आहे अशा योद्ध्याला रिंगणात उतरवताना डग्लसचे नाव घेणे, हा त्याच्या पराक्रमाचा दुरुपयोग होय.

सर्वांत दुःखद विषमता ती, की जी आधीपासून माहीत असूनही झाकून ठेवली जाते. १९१० साली रेनो येथे जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय जगज्जेत्याला खाली ओढण्यासाठी गोऱ्या अमेरिकेने जेम्स जेफ्रीस या निवृत्त योद्ध्याला त्याच्या शेतावरून उठवून आणले. सहा वर्षांत तो एकही लढत लढला नव्हता. अफाट वाढलेले वजन त्याने कसेबसे उतरवले, आणि उतरलेले शरीर पाहून लोकांनी त्याचे जुने सामर्थ्य परत आले असे मानले. जॉन्सनने पंधराव्या फेरीपर्यंत त्याला पद्धतशीरपणे मार दिला. लढतीनंतर देशभर दंगली उसळल्या आणि त्यांत माणसे मेली. उतरलेले वजन म्हणजे परतलेले तारुण्य, हा भ्रम सत्तर वर्षांनी पुन्हा एकदा बाळगला गेला, आणि त्याचा बळी या खेळातील सर्वांत लाडका माणूस होता.

२ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगास येथे रिंगणात उतरला तेव्हा महंमद अली ३८ वर्षांचा होता. त्याचा प्रतिस्पर्धी लॅरी होम्स हा एके काळी त्याच्याच सरावातील जोडीदार होता आणि आता अपराजित जगज्जेता होता. १९७७ सालीच, अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर, अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याची प्रकृती ढासळत असल्याचे सांगून त्याची साथ सोडली होती. होम्सशी लढण्याचा परवाना देण्यापूर्वी नेव्हाडाच्या आयोगाने अलीची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी करविली. तिच्या अहवालात हातांना येणाऱ्या मुंग्यांची, अडखळत्या बोलण्याची आणि हालचालींत उणावलेल्या चपळाईची नोंद होती, आणि तरीही परवाना मिळाला. अलीने केसांना काळा रंग लावला होता. वजन झपाट्याने उतरवून तो २१७ पौंडांवर आला होता आणि दिसावयास किन्शासाच्या वेळेसारखा दिसत होता. या देखणेपणात थायरॉइडच्या गोळ्यांचा वाटा होता. त्या गोळ्या चरबीबरोबर स्नायूही झिजवतात, हृदयाची गती वाढवतात आणि उष्णतेत माणसाला गळून जावयास लावतात. पहिल्या घंटेपासून अलीच्या देहात काही उरलेले नव्हते.

त्या लढतीच्या दहाही फेऱ्या तिन्ही परीक्षकांनी होम्सला दिल्या. अली दोरांवर रेलून उभा असे, दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरलेले असत, आणि होम्सचा डावा हात त्या हातांमधून पुनःपुन्हा आत जात असे. नवव्या फेरीत बरगडीखाली बसलेल्या एका ठोशाने अलीच्या तोंडून किंकाळी निघाली. आपल्या गुरुस्थानी असलेल्या माणसाला मारण्याची होम्सला इच्छा नव्हती, आणि मध्येच हात आवरून तो पंचाकडे पाहत राहिला. दहावी फेरी संपल्यावर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवण्याचा निर्णय घेतला. अलीचा जुना सोबती बंडिनी ब्राउन ‘आणखी एक फेरी’ म्हणून आर्जव करीत डंडीचा सदरा ओढू लागला, तेव्हा डंडीने त्याला झिडकारले आणि मुख्य साहाय्यक या नात्याने आपला अधिकार बजावला. एकसष्ट लढतींच्या कारकिर्दीत अली वेळेआधी हरला तो याच एका लढतीत. लढतीनंतर होम्सला रडू आवरले नाही. चार वर्षांच्या आत अलीला पार्किन्सनचा विकार जडल्याचे निदान झाले. त्या रात्री डंडीने जे केले ते योग्यच होते. ते चार-पाच फेऱ्या आधी झाले असते तर अधिक योग्य झाले असते, आणि परवाना देणाऱ्या दफ्तराने अर्ज नामंजूर केला असता तर त्याची गरजच पडली नसती.

लढत थांबवणाऱ्याच्या वाट्याला मात्र या खेळात बहुधा अपयशच येते. १९ ऑगस्ट १९९५ रोजी, तुरुंगवास भोगून चार वर्षांनी रिंगणात परतलेल्या टायसनची लढत पीटर मॅकनीली याच्याशी लावण्यात आली. पीटरचा बाप टॉम मॅकनीली याला १९६१ साली टोरांटो येथे पॅटरसनच्या त्याच सोप्या प्रतिस्पर्ध्यांपैकी एक म्हणून उभे केले होते आणि चार फेऱ्यांत तो अनेकदा पाडला गेला होता. मुलगा टायसनसमोर दोनदा पडला; आणि तो पुरता कोसळण्यापूर्वी त्याचा व्यवस्थापक व्हिनी व्हेकिओनी स्वतः रिंगणात शिरला. नियमाप्रमाणे मॅकनीली अपात्र ठरला. लढत ८९ सेकंदांत संपली. पैसे भरून आलेल्या लोकांनी हुर्यो केली, आणि व्हेकिओनीचा मोबदला काही काळ अडकवून ठेवण्यात आला. ती लढत मुळात जुळवण्यात त्याचाही हात होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या रात्री त्या इमारतीत हजर असलेल्या माणसांपैकी मॅकनीलीच्या मेंदूचा विचार करून पाऊल उचलणारा तो एकटाच होता, आणि शिक्षा भोगावी लागली तीही त्यालाच.

योद्ध्याकडून शरणागतीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. न थांबणे हीच त्याची विद्या आहे आणि याच विद्येवर त्याचे पोट चालते. म्हणून थांबवण्याचा अधिकार नियमांनी पंचाला, वैद्याला आणि कोपऱ्यातील साहाय्यकाला दिलेला आहे, आणि त्याहूनही आधी, मुळात नकार देण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या आयोगाला दिलेला आहे. हे अधिकार कागदावर पुष्कळ आहेत. ते वेळेवर वापरण्याचे धैर्य दुर्मीळ आहे, कारण त्या धैर्याला टाळ्या मिळत नाहीत. प्रेक्षक म्हणून आपणही या व्यवहारात सामील आहोत. पहिल्या फेरीत लढत थांबली म्हणून ज्या दिवशी आपण हुर्यो करणे सोडू, आणि अर्ज फेटाळणाऱ्या आयोगाला, रिंगणात टॉवेल फेकणाऱ्या साहाय्यकाला आपण विजेत्याइतकाच मान देऊ, त्या दिवशी अशा लढती जुळवणाऱ्यांचा नफा आटेल; आणि नफा आटल्यावाचून त्या बंद पडतील असे मला वाटत नाही.